तांबट आळीतले तीन मुके दिवस

लग्न होऊन मी नाशकात आले ती तांबट आळीत. उजाडलं की हंड्या-घागरींवर हातोडे पडायला लागत, ते दिवेलागणीपर्यंत. त्यामुळे आमच्या आळीत कुणी बोलत नसे, सगळे ओरडत. सासूबाई मीठ मागत तेसुद्धा घराला आग लागल्यासारखं. माहेरी गेले की आई म्हणे, "अगं, मी बहिरी नाही."

शेजारी एक पेन्शनीतले शिरस्तेदार राहत. हा गृहस्थ अर्ज लिहिण्यासाठीच जन्माला आला होता. ठोक्यांमुळे आपल्या पोथीवाचनात व्यत्यय येतो, असा त्यांचा अर्ज दर महिन्याला म्युनिसिपालटीत जाई. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदेवरून, स्नान करून येताना तांबटांकडे असं नाक मुरडून बघत, की तांब्यालाही विटाळ असतो असं वाटावं. आळी मात्र त्यांना वाकून नमस्कार करी. वाकण्यात आमची आळी हुशार होती.

मग कायदेभंगाच्या दिवसांत गावातल्या पुढाऱ्यांना पकडलं आणि तीन दिवस कडकडीत हरताळ पडला. टांगे बंद, बाजार बंद, हातोडे बंद. पहिल्या सकाळी मला नाशिकरोडच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, घाटावर आपटली जाणारी धुणी ऐकू आली. फार बरं वाटलं, पण दुपारपर्यंतच.

दुपारी भिंतीपलीकडून शिरस्तेदार ऐकू आले. हातोडे थांबले म्हणून वर्षानुवर्षांचा घसा थोडाच खाली येतो! त्यांचा मुलगा नोकरीला मुंबईत. इथे सून जेवायला बसली होती आणि हे पोथीवाचक तिच्या पानातल्या पोळ्या मोजत होते, तिच्या मेलेल्या बापाचा उद्धार करत होते. मग काठीचा आवाज आला. ती रडली नाही. "नको, मामंजी" एवढंच दोनदा म्हणाली.

साऱ्या आळीने ऐकलं. आणि साऱ्या आळीने काय केलं? खिडक्या लावून घेतल्या. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा खिडक्या.

तिसऱ्या दिवशी लोकांच्या नजरा बघून शिरस्तेदारांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. संध्याकाळी ते स्वतः उतरून आळीतल्या एका म्हाताऱ्या तांबटाच्या ओट्याशी गेले. "काय हो, उद्यापासून तरी काम सुरू करणार ना?"

म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमचा अर्ज तर आत्ता कुठं मंजूर झाला!"

त्या माणसाला लाज वाटली असेल, असं मला आजही वाटत नाही.

चौथ्या सकाळी हातोडे पडू लागले. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे!" शिरस्तेदारांनी पोथी उघडली. आळीने खिडक्या उघडल्या.

मी नळावर गेले तर ती सून आधीच उभी होती. आळीत लिहिता येणारी बाई मी एकटीच, हे तिला ठाऊक होतं. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "वहिनी, विंचूरला माझ्या दादाला एक कार्ड टाकाल का? येऊन घेऊन जा म्हणावं."

मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी कानाला हात लावला आणि ओरडले, "काय म्हणालीस? या ठोक्यांत काही ऐकू येत नाही गं!"

 घागर उचलून ती घरात गेली.