तुळसाक्का जे सांगणार होत्या

आंधळ्यांविषयी आमच्या मासिकात पुष्कळ छापून येते. आंधळ्यांनी स्वतः सांगितलेले काहीच येत नाही. कुंभकोणच्या तुळसाक्का आपली हकीकत सांगायला तयार आहेत असे एका नातेवाइकाकडून कळले, तेव्हा मी रजा टाकली आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी: मद्रासला गाडी बदलावी लागते. बायकांच्या डब्यात जागा मिळते, पण पाणी बरोबर ठेवा. कुंभकोणला जटक्याचे, म्हणजे तिथल्या टांग्याचे, भाडे बसण्यापूर्वी ठरवा. कॉफी उत्तम, दोनदा मागायला लाजू नका.

तुळसाक्का पन्नाशीच्या. तरुणपणी आधी संध्याकाळचे दिसेनासे झाले, मग सगळेच. नवऱ्याने माहेरी पाठवून दिले. घर भावाचे, वेंकटरावांचे. मराठे राजांबरोबर आलेले हे कुटुंब बाहेर तमिळ बोलते आणि घरात जुन्या बखरीतली वाटावी अशी मराठी.

“तुम्ही पुण्याचे लोक फार धांवत बोलतां,” तुळसाक्का मला म्हणाल्या. “कोणी पाठीस लागलें आहे काय?”

दोन दिवस त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. लोक त्यांच्याशी उगाच ओरडून बोलतात. कॉफीत साखर किती, हे त्यांना न विचारता भावाला विचारतात. लिहिलेले वाचून दाखवले की त्या दुरुस्त करत. एके ठिकाणी मी ‘बिचारी’ लिहिले होते. ते त्यांनी खोडायला लावले.

तिसऱ्या दिवशी जवळचे दारासुरम् पाहिले. देवळाइतकाच वेळ विणकरांच्या घरांना द्या. परतले तेव्हा दिवे लागले होते. वेंकटरावांची मुलगी रुक्मा दिवाणखान्यात मला हळदकुंकू लावायला आली. तंजावरला तिचे लग्न ठरले होते. तिचे बोट माझ्या गालाला लागले, मग चाचपडत कपाळाकडे सरकले.

“लक्ष कोठें आहे? तंजावरास?” तिची आई हसली.

तुळसाक्का हसल्या नाहीत. कुंकू कोठे लागले, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले.

“मजही असेंच आरंभलें होतें,” त्या म्हणाल्या.

मग कोणी बोलेना. वेंकटरावांनी मला ओसरीवर बोलावले. घराण्यात हे आहे असे छापून आले तर लग्न मोडेल, म्हणाले. सासरच्यांना आधी सांगा, असे मी स्पष्ट बजावले. मग दुसरा वर तुम्ही शोधणार काय, असे त्यांनी विचारले.

निकाल तुळसाक्कांनीच दिला. “नका छापूं. पोर म्हणेल, अत्येनें आपलें सांगितलें आणि माझें घालविलें.”

सकाळी रुक्मा जटक्यापर्यंत आली. “सगळें दिसेनासें होण्यास अत्येस किती काळ लागला?”

तिलाच विचार, म्हटले.

“पुसलें. अत्या मजशीं त्याविषयीं बोलत नाहीं.”

घरी आल्यावर ती हकीकत मी कपाटात ठेवली. लग्न झाले. वर्ष सरायच्या आत त्याच नातेवाइकाकडून कळले की रुक्माला सासरच्यांनी परत पाठवले. तुळसाक्कांचा निरोपही होता: आता छापा, नाव घालून. माझेही घाला, असे रुक्माने कळवले.

हकीकत याच अंकात आहे. कुंभकोणला जरूर जा; देवळे सुंदर आहेत. माझ्याजवळ मात्र त्या घरातला गप्प झालेला दिवाणखाना राहिला आहे. आधीच सांगितले असते तर रुक्माचे ठरलेले लग्न मोडले असते. तेवढेच झाले असते.