मलई भिंतीवर वाळूची अक्षरं

चाळीस वर्षं मी मुरुडच्या होड्यांवर नावं आणि नंबर रंगवतोय. काचबिंदू झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "ब्रश धरता येईल ना?" ते म्हणाले, "गडदावर पांढरं दिसेल. फिक्यावर फिकं दिसणं कठीण." झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून बायकोशिवाय कुणाला बोललो नाही. डोळे अधू झालेल्या पेंटरला काम कोण देणार?

मग काशीदच्या एका नव्या लॉजचं बोलावणं आलं. भिंत मलई रंगाची आणि नाव लिहायचं वाळूच्या रंगात! पहिलं अक्षर अर्धं काढलं आणि ते मलाच दिसेना. रंग कुठं संपला ते बघायला बोट लावलं, तर अक्षरच फिसकटलं. मॅनेजरबाई मागेच उभ्या होत्या.

"बाई, गडद निळा घेऊया का?"

"काका, सटल लूक हवाय, डोळ्यांत न भरणारा. तुम्हाला जमत नाहीये का?"

शिडी हलते, ऊन डोळ्यांवर येतंय, काहीही सांगता आलं असतं. पण माझं डोकं सटकलं. "मला हे दिसत नाही. काचबिंदू आहे मला. आणि तुमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांनाही दिसणार नाही. पाटी लावताय की कोडं घालताय?"

ब्रश धुतला आणि एसटी पकडली. राग होताच, पण भीतीही वाटत होती.

चार दिवसांत बातमी कोळीवाड्यात पोचली. होड्या रंगवायला किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, तरी मला एकाचंही बोलावणं नाही. पाचव्या दिवशी मीच डबे उचलून गेलो आणि ज्याची होडी दरवर्षी रंगवतो, त्या तांडेलासमोर उभा राहिलो.

"डोळं गेलं म्हने तुजं?"

"फिकं दिसत न्हाय. निळ्यावर पांढरं दिसतं. लिवायचं का सांग, न्हायतर चाललो."

त्यानं खलाशांकडे पाहिलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "मलाबी लांबचं दिसत न्हाय रे. परवा बंदरात माजीच होडी वळखली न्हाय. अक्षर मोठं काढ. पन कुनाला बोलू नको."

"काढतो. पन उद्या माज्यासंग डॉक्टरकडं यायचं. आनि लपवायचं न्हाय."

त्यानं पुन्हा खलाशांकडे पाहिलं. मग होकारार्थी मान डोलावली.

मी हातभर उंच पांढरं अक्षर काढलं. ते आम्हा दोघांनाही दिसलं.