मनोहररावांच्या इंजिनाचा दिवा

मनोहरराव घाटोळे आमच्या कचेरीत बदलून आले, त्या दिवशी त्यांनी माझे नाव विचारण्याआधी माझ्या सायकलच्या दिव्यात केवढा बल्ब आहे ते विचारले. तो फार मोठा निघाला, तेव्हा ते खिन्न झाले. मग नाव विचारले. आमचा स्नेह तेव्हापासूनचा.

घरी ते आगगाडीची लहान इंजिने तयार करीत. लकडगंजातून आणलेले लाकडाचे तुकडे, तुपाच्या डब्याचा पत्रा आणि गजराच्या जुन्या घड्याळाची यंत्रणा, एवढ्यावर इंजिन धावू लागे. पण त्याच्या कपाळावर पिवळ्या रंगाचा ठिपका देऊन भागवणे त्यांना फसवणूक वाटे. खरा पेटणारा दिवा हवा, आणि बाजारातला बल्ब इंजिनाच्या निम्मा!

कान तपासण्याच्या यंत्रात अगदी बारीक बल्ब असतो, असे कळल्यावर मनोहरराव रीतसर केसपेपर काढून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर त्यांच्या कानात पाहत होते आणि हे मान वळवून यंत्रात. शेवटी त्यांनी खरे सांगितले. डॉक्टरांनी हसून एक जादा बल्ब दिला. तो इंजिनाच्या कपाळी बसला, मागच्या कोळशाच्या डब्यात सेल लपले.

मात्र दवाखान्याच्या बाकावर त्यांना कुणीतरी पाहिले होते. घाटोळे बहिरे झाले, ही बातमी कचेरीत आली. साहेब त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. पुढे ती बातमी खापा गावीही पोचली. त्यांच्या मुलीचे, सुलभाचे, स्थळ तिथलेच होते, आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता.

पाहुणे संध्याकाळी मनोहररावांच्या प्रताप नगरच्या घरी आले, तेव्हा मी हजर होतो. मुलाचे वडील यजमानांशी मोठ्याने बोलले, आणि मग शेजारी बसलेल्या पत्नीकडे वळून साध्या आवाजात म्हणाले, “पोरगी लाखात एक आहे वं. पण बापाले काहीच ऐकू येत नाही. उद्या नातवंडायच्या कानात उतरलं तं?”

मनोहररावांनी शांतपणे पोह्यांची बशी पुढे केली.

इतक्यात वीज गेली. मेणबत्ती सापडेना. मनोहररावांनी चाचपडत इंजिनाला चावी दिली आणि ते फरशीवर सोडले. आपल्याकडे येणारा दिवा पाहून मुलाच्या वडिलांनी आधी पाय खुर्चीवर घेतले, मग स्वतःच खाली उतरून त्याच्यामागे रांगू लागले. हा दिवा कसा केला, असे ते स्वतःशीच पुटपुटले. मनोहररावांनी दवाखान्यापासून सगळी हकीकत सांगितली.

मुलाचे वडील रांगता रांगता थांबले.

“म्हणजे तुमाले ऐकू येते? मंग मघाशी बोलले काहून नाही?”

“तुमी पोरीची तारीफ करून राहिले होते. मधात कसा बोलू?”

लग्न त्या फरशीवरच ठरले. आज सुलभाताई खाप्यात सुखाने नांदत आहेत.

हे वेड त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या वडिलांना संध्याकाळी उंबरठा दिसत नसे. मनोहररावांनी न सांगता त्यांच्या काठीला खाली छोटा दिवा बसवून दिला. वडील तो भर दुपारीही लावून गल्लीत फिरत, आणि विचारणाऱ्याला थांबवून दाखवत.

मनोहररावांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सध्या त्यांनी सबंध रेल्वे स्टेशन उभारायला घेतले असून घरातली मंडळी जमिनीवर बसून जेवतात, कारण टेबलावर फलाट आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे हात असेच स्थिर राहोत, आणि ते टेबल त्यांच्या पत्नी कुसुमवहिनींना हयातीत परत मिळो.