नाकमुरड्याची निवड

ही हकिकत सांगायची मी आजवर टाळली. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता उठायला त्रास होतो आणि ज्याच्याविषयी सांगायचं तो माणूसही उरला नाही, तेव्हा सांगून टाकतो.

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत त्याला नाकमुरड्या म्हणत. खरं नाव संदीप. मूळचा मनमाडचा, नाशकात कॉम्प्युटरच्या एका दुकानात नोकरीला होता आणि आमच्या मागच्या इमारतीत खोली घेऊन राहायचा. कुणाच्या घरी कॉम्प्युटर दिसला की त्याचं नाक आधी वर जायचं आणि तोंड मग उघडायचं. तयार आणलेल्या कॉम्प्युटरला तो ‘रुखवतातला लाडू’ म्हणायचा. "बघायला केवढा, आत कुरमुरे." हे तो ज्याचा कॉम्प्युटर त्याच्याच घरचा चहा पीत म्हणायचा. लोक चिडायचे, आणि पुढच्या वेळी भाग निवडायला त्यालाच बोलवायचे. त्याने जुळवलेलं मशीन बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

माझी मुलगी मृणाल तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिला गेम खेळण्यासाठी तगडा कॉम्प्युटर हवा होता, घरीच जुळवलेला. मला गेमचा तिटकारा. पण तिने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, त्यामुळे माझं काही चालेना. मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात स्वस्त घ्यायचं, यापलीकडे मी आयुष्यात डोकं वापरलेलं नाही. तशीच तीन कोटेशनं मी नाकमुरड्यापुढे ठेवली. त्याने ती मेलेल्या पालीसारखी कोपऱ्याला धरून उचलली.

"काका, गटाराचे पाइप घ्यायचेत का?"

मृणाल हसली. मी ते विसरलो नाही. माझ्यासारखी माणसं एवढंच लक्षात ठेवतात.

बाकीचे लोक ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करायचे, कारण मिरवायला तेच असतं. हा उलट्या बाजूने यायचा. आधी घराचं अर्थिंग तपासणार, मग एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा. तो डबा हातात घेऊन तो वजन बघायचा, बाजारात कलिंगड बघतात तसं. "रेसचा घोडा आणायचा आणि त्याला गाढवाचा चारा घालायचा, अशी पद्धत आहे आपल्याकडे," म्हणायचा. रॅम नेहमी जोडीने घ्यायला लावायचा. "नांगराला एकटा बैल जुंपता का, काका?" मृणालने निळे दिवे लागणारी कॅबिनेट पसंत केली, तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "वरातीत काढायचाय का?" तिने साधी घेतली.

भाग आणायला आम्ही तिघं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. परत येताना इगतपुरीला मी वडे घेतले. मदरबोर्डाचं खोकं मांडीवर घेऊन बसलेल्या नाकमुरड्याने वड्याला हात लावला नाही. तेलकट बोटांनी खोकंसुद्धा धरायचं नाही, हा त्याचा नियम. सकाळपासून तो उपाशी होता. मी मात्र त्याच्यासमोर दोन वडे खाल्ले, आणि मला बरं वाटलं.

नवरात्रात त्याने मशीन जुळवलं. चालू करून दिलं आणि म्हणाला, "कॅबिनेटची बाजू दसऱ्यापर्यंत उघडीच ठेवू. आत किती तापतंय ते बघतो, मग झाकण लावतो."

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. आंघोळ करून मी स्कूटर, शिलाई मशीन, पाने-पक्कड पुजली आणि शेवटी कॉम्प्युटरपाशी आलो. तो चालूच होता. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि फूल पाण्यात बुडवून शिंपडलं. सगळ्यांवर शिंपडतो तसंच, त्या उघड्या बाजूने. आत चट् असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. जळका वास आला. घरात सगळी फराळाच्या गडबडीत होती. मी अक्षता वेचल्या, कुंकू उपरण्याने टिपलं आणि पंखा लावून खोलीचं दार ओढून घेतलं.

दसऱ्याला संध्याकाळी कॉलनीतली मंडळी सोनं द्यायला आमच्याकडे जमली होती. त्यांत पगारे होते. ते कॉलेज रोडला गेम पार्लर काढणार होते आणि तिथली सगळी मशीनं नाकमुरड्याकडून जुळवून घेणार होते. त्या भरवशावर त्याने दुकानातली नोकरी सोडली होती. आपट्याची पानं खिशात घेऊन तो आला आणि बराच वेळ मशीनमध्ये डोकं घालून बसला.

"एसएमपीएस ठीक आहे. मदरबोर्ड गेलाय," तो म्हणाला. "कसा गेला तेच कळत नाही. कुणी हात लावला होता का, काका?"

"आमच्या घरात असले उद्योग कुणी करत नाही," मी म्हणालो. "तूच निवडलास ना? लोकांच्या वस्तूंना नाकं मुरडायची, आणि स्वतःचा माल चार दिवस टिकत नाही."

मंडळी हसली. ज्यांच्या घरी रुखवतातले लाडू होते ती जास्त हसली. पगारे हसले नाहीत. त्यांनी फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी पार्लरचं काम दुसऱ्याला दिलं. नाकमुरड्याचं नाक त्या संध्याकाळी वर गेलं नाही. खिशातली पानं तशीच घेऊन तो गेला. दिवाळीआधी त्याने खोली सोडली.

काही वर्षांनी मी त्याला शोधत मनमाडला गेलो. बोलायचं वाक्य गाडीत पाठ केलं होतं. स्टेशनजवळच्या मामाच्या दुकानात तो मिक्सर दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला आणि स्टूल पुसून दिलं. चहा मागवला. आत फळीवर एक उघडा कॉम्प्युटर चालू होता.

"ओळखला का? तुमच्यातला एसएमपीएस. मृणालने मदरबोर्ड बदलून घेतला, तेव्हा त्या दुसऱ्या कारागिराने हा काढून टाकला होता. मी मागून आणला. अजून एकदाही कुरकुरला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यानंतर मी कुणाला भाग निवडून दिले नाहीत. विश्वास गेला ना स्वतःवरचा. माझं काय चुकलं, तेवढं तरी कळायला हवं होतं, काका."

उत्तर माझ्या तोंडात होतं. मी चहा संपवला. "माझ्या गाडीची वेळ झाली," म्हणालो, आणि उठलो. तो मला फलाटापर्यंत सोडायला आला.

परवा तो गेल्याचं मृणालकडून कळलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे. संदीप, तुझं काही चुकलं नव्हतं. पाणी मी शिंपडलं होतं.