चांगुणेनं लावलेला विस्तव

चांगुणा ओव्हाळ सरकारी चुली घालायची, बिनधुराच्या. पंच्याऐंशीच्या सुमाराला बेंबळीकडच्या खेड्यांत पाऊस रुसलेला होता. तुराट्या मिळेनात, गोवऱ्या पुरेनात. थोडक्या जळणात गरिबाच्या भाकरी व्हाव्यात आणि धूर छपराबाहेर जावा म्हणून ही योजना आली. चांगुणा शिकायला गेली ती हौसेनं नव्हे. तिची आई मथुराबाई चुलीपुढं बसून बसून आंधळी झाली आणि तशीच मेली. तेव्हापासून चांगुणेनं धुरावर दात धरला होता, एखाद्या माणसावर धरावा तसा.

गरिबांच्या त्या योजनेत पहिलं नाव होतं सोसायटीचे चेअरमन आबाराव यांचं. नसतं तरच नवल! पण आबारावांची एक अट होती. चांगुणा बौद्धवाड्यातली. तिनं स्वयंपाकघरात शिरून माती कालवावी, चूल घालावी, पाइप बसवावा. कामापुरता विटाळ त्यांना चालत होता. पहिला विस्तव मात्र घरच्या सुनेनं घालायचा. चांगुणेनं आगीला हात लावायचा नाही.

“माती माज्या हातची चालती, आन् जाळ चालत न्हाय व्हय?” ती एवढंच बोलली आणि कामाला लागली.

चूल वाळली तशी ती पाहायला गेली. आबाराव सोसायटीत होते, मुलगा बलभीम गोठ्यात होता. सून सारजाबाईनं पाटाजवळ पोर निजवलं आणि चूल पेटवली. पाइप अजून थंडगार होता, धूर वर चढेना. सगळा धूर उलटून खोलीत आला. पोर खोकू लागलं, मग त्याला श्वासच घेता येईना. तोंड निळं पडलं. सारजाबाई त्याला उचलून नुसतीच गरागरा फिरू लागली.

चांगुणेला त्या धुरात आईचे डोळे दिसले. अट गेली चुलीत! तिनं चिंधी तेलात बुडवली, जाळावर पेटवली आणि पाइपाच्या तोंडात खुपसली. पाइप तापला, धुरानं वरची वाट धरली. खोली मोकळी झाली. पोरानं टाहो फोडला तेव्हा दोघीही रडत होत्या.

आबाराव नेमके तेव्हाच दारात आले. पाइपातून काढलेली पेटती चिंधी अजून चांगुणेच्या हातात होती.

“बाटवली चूल!” ते ओरडले. कोपऱ्यातली पहार उचलून त्यांनी पहिल्या घावात पाइप तोडला. दुसरा घाव चुलीवर येताना पाहून चांगुणा हात पसरून आडवी आली. खरं तर चूल मातीचीच, पुन्हा घालता आली असती. पण आपल्या हातांनी उभं केलेलं डोळ्यादेखत फुटताना तिला सोसलं नाही. पहार तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज झाला. ती किंचाळली, तरी आबारावांनी तिला लाथ घातली आणि पहार पुन्हा वर उचलली.

सारजाबाईनं पोर खाली ठेवलं, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि सासऱ्याच्या हातावर दाबून धरलं. कातडी चरचरली. पहार खाली पडली.

दुसऱ्या दिवशी चावडीत जमादार आले. आबारावांचा हात फडक्यात होता. सुनेनं भाजलं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी ते चांगुणेवर ढकललं. “हिनं मला भाजलं. झटापटीत पडली, हात मोडून घेतला.”

जमादारांनी चांगुणेकडं पाहिलं. तिचं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. खरं सांगावं, तर सारजाबाईला सासरचे जिती ठेवणार नाहीत. न सांगावं, तर तुरुंग आपल्यालाच.

“मला पहारीनं यांनी मारलं,” ती म्हणाली. “आन् व्हय, भाजलं बी म्याच.”

आबारावांना आयतंच घबाड सापडलं. ते हसले, आणि त्या हसण्यानं चांगुणेच्या अंगाची लाही झाली.

“खोटं हाय!”

सारजाबाई पोराला कडेवर घेऊन चावडीच्या दारात उभी होती. “मामंजींना म्या भाजलं. त्यांनीच चांगुणाबाईचा हात मोडला, वरून तिला जिवं मारायला निघाले हुते.”

तिचा नवरा बलभीम धावत आला आणि सगळ्यांदेखत त्यानं तिच्या तोंडात मारली. पोर किंचाळलं. तिनं ते तसंच घट्ट धरून पुन्हा सांगितलं, “म्या भाजलं.” त्यानं पुन्हा मारलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून पोराच्या अंगड्यावर ठिबकलं. जमादारांनी बलभीमचा हात पिरगाळून त्याला भिंतीशी दाबलं. तोंडातलं रक्त थुंकून ती तिसऱ्यांदा बोलली, “म्या भाजलं. परत पहार उचलली तर परत भाजीन.”

आबारावांनी मान खाली घातली. चावडी गच्च भरलेली होती. त्यांचे भाऊबंद, पंच, शेजारी, सगळे होते. चांगुणा उठली. मोडका हात पोटाशी धरून तिनं दुसऱ्या हातानं पदर घेतला आणि सारजाबाईचं रक्तानं भरलेलं तोंड पुसलं. ‘शिवू नको’ म्हणायला तिथं एकाचंही तोंड उघडलं नाही.