भोंगा भाकर मागत नाही

मी पायरीवर पाय ठेवला आणि भोंगा वाजला.

कानठळ्या बसल्या. जळगावचा सराफ बाजार, ऐन दुपार. शेजारच्या दुकानांतली माणसं धावत बाहेर आली. गादीवरच्या शेठनं बटणावरचं बोट काढलं आणि हसत सांगितलं, "काही नाही हो. चोर आलाय. नगरपालिकेचा."

सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून वाटते.

नव्वदीची सुरुवात होती. पेढ्यांवर चोरीच्या भीतीनं विजेचे भोंगे नवे नवे बसत होते. त्याला नगरपालिकेचा परवाना लागे आणि थकलेली परवाना फी वसूल करायचं काम माझं. हा शेठ दर खेपेला मला पायरीवरूनच 'उद्या ये' म्हणायचा.

भोंग्याआधी त्या पेढीवर राखणीला नाना होता. माझा चुलता. आमच्या खानदेशात जागल्या म्हणून भिल्लच ठेवायची रीत. का, तर चोराच्याच हाती राखण दिली की चोरी होत नाही. शिवीच ती. आणि आम्ही ती मान म्हणून मिरवली. भोंगा आला, नानाला काढलं. शेठ चारचौघांत म्हणायचा, "भोंगा भाकर मागत नाही." तरी नाना समोरच्या ओट्यावर बसून असायचा, परत बोलावतील म्हणून. मी मान वळवून जायचो. त्यानंही कधी हाक मारली नाही.

त्या दिवशी मात्र भोंगा ऐकून तो काठी घेऊन धावत आला. मला पाहिलं आणि माझ्यापुढं आडवा उभा राहिला.

"शेठ, हाऊ चोर नई शे! मना भाऊना पोऱ्या शे हाऊ. साहेब व्हई गया!"

म्हाताऱ्याचा चेहरा नुसता फुलला होता. मी धुळ्याच्या वसतिगृहात असताना दर रविवारी जवळच्या आमच्या गावाहून फडक्यात कळण्याची भाकर बांधून चालत येणारा हाच माणूस.

शेठनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय साहेब, तुम्ही भिल्ल?"

आडनावावरून जात कळत नसे. मी कळू देत नसे.

मी अगदी शुद्ध बोललो. "मी यांना ओळखत नाही."

नानाची काठी खाली आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "चुकनं मनं, साहेब. डोयाले दिखत नई आते."

माझं खोटं झाकायला तो आंधळा झाला. आणि निघून गेला.

शेठ खूश. पहिल्यांदाच खुर्ची मिळाली. चहा आला. "या लोकांचं असंच," शेठ म्हणाला. "जात चोराची आणि नातं साहेबाशी."

तो घोट मी गिळला. खरंच गिळला. मग कप खाली ठेवला.

"शेठ, मी भिल्ल आहे. ते माझे चुलते आहेत. फी भरा, नाहीतर आत्ता भोंगा उतरवतो."

त्यानं नोटा फेकल्या. मी उचलल्या नाहीत. त्यालाच उचलून हातात द्यायला लावल्या. पण बाहेर आलो तेव्हा ओटा रिकामा होता.

संध्याकाळी नानाच्या खोपटात गेलो. त्यानं उपरण्यानं खाट पुसली. "बसा, साहेब." मी पाया पडायला वाकलो. त्यानं पाय मागं घेतले. मरेपर्यंत त्यानं मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

हे पाप फिटायचं नाही. फिटावं असं मी म्हणतही नाही. आता कुठंही वसुलीला गेलो की खुर्चीला हात लावायच्या आधी सांगतो, मी भिल्ल. ज्याला खुर्ची काढून घ्यायची त्यानं खुशाल घ्यावी. मी उभ्यानं वसूल करीन.