पातेल्यातला गणपती

मागणे मागण्याचा माझा स्वभाव नाही. रोज देवासमोर बसलो, स्नान, गंध, फूल केले आणि उठलो. त्यापलीकडे देवाला त्रास दिला नाही. घरात कोणी आजारी पडले की माझी आई देव पाण्यात ठेवीत असे. संकट टळेपर्यंत त्यांना बाहेर काढायचे नाही, असा तिचा नेम होता. "हा देवाला तुरुंगवास झाला," असे मी तिला शिकलेल्या मुलाच्या तोऱ्यात सुनावीत असे. तेच मी एके दिवशी स्वतः केले. ते कसे घडले आणि कसे संपले, एवढेच येथे लिहितो.

ऐंशीच्या दशकातला एक सप्टेंबर. आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहत होतो. मुलगी नंदिनी वास्तुकलेची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. हाती आलेली नोकरी सहा आठवडे लांबवून, जपानमधील जुनी लाकडी मंदिरे पाहायला एकटीने जायचे तिने ठरवले. मला ते मान्य नव्हते. निघताना दारात मी तिला म्हणालो, "स्वतःच्या मनाने जातेस. अडचण आली तर इथे फोन करू नकोस." "ओके, बाबा," म्हणून ती गाडीत बसली. तिने मागे वळून पाहिले नाही. मीही हात हलवला नाही.

फ्रिजवर तिने एक कागद लावून ठेवला होता. क्योतो, नारा, कोयासान, मियाजिमा, निक्को. प्रत्येकापुढे तारखा आणि उतरण्याच्या जागेचा फोन नंबर. दर रविवारी ती आईला फोन करी. चौथ्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी बातम्यांत पश्चिम जपानमधल्या वादळाचा उल्लेख झाला. चिखलाखाली गेलेला एक रस्ता अर्धा मिनिट दाखवला आणि पुढे हवामान सुरू झाले. कागदाप्रमाणे ती त्या आठवड्यात कोयासानच्या डोंगरावर, एका मठाच्या धर्मशाळेत होती. तिथला नंबर मी दिवसातून चार वेळा फिरवला. घंटाही वाजेना. एका सरकारी कचेरीने तिचे नाव लिहून घेतले आणि वाट पाहा म्हणून सांगितले.

बुधवारी नाराहून तिचे पोस्टकार्ड आले. चित्रात हरणे होती. मागे लिहिले होते, की मोठ्या बुद्धाच्या मंदिरात एका खांबाला आरपार भोक आहे, लोक त्यातून सरपटत पलीकडे जातात, मीही गेले, आई, तू असतीस तर अडकली असतीस. शेवटी होते, "बाबांना सांग, इथे तेराशे वर्षांपूर्वीचं लाकूड अजून उभं आहे." कार्डावर दहा दिवसांपूर्वीची तारीख होती. दहा दिवसांपूर्वी ती हसत होती, एवढाच त्याचा अर्थ. मी कार्ड पालथे ठेवले, देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला आणि स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवला.

पत्नी पाहत होती. "अहो, पोहे भिजवायचं पातेलं आहे ते," ती म्हणाली. मग ती हळू म्हणाली, "देवाला बुडवून काय होणार? दारात जे बोललात ते आधी परत घ्या."

शेजारी योशिकोबाई राहत असत. सत्तरीच्या, विधवा, जन्माने जपानी. नऊ वर्षांच्या शेजारात आमचे बोलणे पाने आणि बर्फ यांपलीकडे गेले नव्हते. त्यांना विचारू या, असे पत्नीने दोनदा सुचवले. घरातले बाहेर सांगायचे नाही, असे मी बजावले. तीन दिवस देव पाण्यात ठेवणाऱ्या माणसाला शेजारच्या दारावर थाप मारणे जमले नाही, ही गोष्ट मला पुढे फार दिवस बोचली.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या आपण होऊन आल्या, परसातल्या काकड्या घेऊन. ओट्यावरचे पातेले त्यांना दिसले. मी काही बोलण्याआधी पत्नीने सारे सांगून टाकले. योशिकोबाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "आमच्याकडे जिझो आहे. दगडाचा. मुलांना, प्रवाशांना सांभाळतो. आम्हीही त्याच्यावर पाणी घालतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण बुडवत नाही हं. त्याला श्वास घेऊ देतो." पत्नी पाच दिवसांनी हसली आणि लगेच रडू लागली. बाईंनी फ्रिजवरचा कागद वाचला. "तिथे आता शनिवारची सकाळ आहे. मठात लवकर उठतात. फोन कुठे आहे?"

या वेळी घंटा वाजली. त्या बोलू लागल्या. मला एक शब्द कळत नव्हता. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मध्येच त्यांचा आवाज खाली गेला, मग त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. माझ्या हाताला ओट्याची कड लागली, ती मी धरली. समोर पाण्यात गणपती होता. मी त्याला ओलीस धरले आहे, हे त्या क्षणी मला स्वच्छ दिसले. मुलीलाही मी असेच धरू पाहत होतो. जे असेल ते असो, असे मनात आले. मी त्याला बाहेर काढले, उपरण्याने कोरडे केले, जागेवर ठेवले. बातमी चांगली की वाईट, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

योशिकोबाई वळल्या. "तिला बोलवायला गेले आहेत," त्या म्हणाल्या.

दरड कोसळून डोंगरावरची वाट आणि तारा तुटल्या होत्या. नंदिनीला ताप होता. मठातल्या एका म्हातारीने तीन दिवस तिला भाताची पेज भरवली. तारा जोडून अर्धा तासच झाला होता. त्याआधी कोणी फोन लावला असता तर लागला नसता. या योगायोगाला काय म्हणावे, यावर मी वाद घालीत नाही.

"फोन सुरू झाल्याचं आत्ताच कळलं," नंदिनी म्हणाली. "करणारच होते. पण बाबा, तुम्ही म्हणाला होतात..."

"मी चुकलो," मी म्हणालो.

"बाबा, आर यू ओके?"

दोन वर्षांनी ती आम्हा दोघांना कोयासानला घेऊन गेली. उंच देवदारांखाली शेवाळलेल्या समाध्यांमधून लांब वाट जाते. ज्या म्हातारीने पेज भरवली तिला मी वाकून नमस्कार केला. ती माझ्याहून खाली वाकली. वाटेच्या शेवटी जिझो आणि इतर मूर्ती रांगेने उभ्या आहेत. मी पळी घेऊन पाणी घातले.

"काय मागितलंत?" पत्नीने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "योशिकोबाईंचा नमस्कार सांगितला."